पालक म्हणून सासूबाई

मी वर्गात पाऊल टाकलं आणि सगळी मुलं उठून उभी राहिली.

'अरे, मीपण तुमच्यासारखीच, नवीन ॲडमिशन' असं तेव्हाच म्हणायला हवं होतं. पण मी जोगेश्वरीच्या आमच्या घरात बरीच वर्षं दुसरी ते चौथीच्या शिकवण्या घेतल्या आहेत. समोर मुलं उभी राहिली की तोंडातून आपोआप "बसा" निघतं. तसं ते निघालं आणि मुलं बसली. मी रिकामा बाक शोधत टेबलाजवळच घुटमळत राहिले. पहिल्या बाकावरच्या जाड चष्म्याच्या मुलीनं विचारलं, "मॅम, हजेरी आधी घेणार की नंतर?"

तिला काय सांगावं याचा विचार करत होते, तेवढ्यात दारातून एक तरुण मुलगा डोकावला. हातात पुस्तकं, कपाळावर घाम. माझ्याकडे बघून म्हणाला, "सॉरी मॅम, तुमचं लेक्चर आहे का? मला वाटलं माझं आहे." आणि तो निघून गेला.

तो आमचा सर होता. त्याच वर्षी नोकरीला लागलेला. वेळापत्रक चुकलं असं समजून तो खाली ऑफिसात चौकशी करायला निघाला होता. मी पर्स सावरत जिन्यापर्यंत त्याच्या मागे धावले. "अहो सर, थांबा. तुमचंच लेक्चर आहे. मी विद्यार्थिनी आहे." मी काहीतरी विकायला आले असावे अशा चेहऱ्यानं त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग आम्ही दोघं वर्गात परत आलो. यावेळी कोणीच उभं राहिलं नाही. त्याच्यासाठीसुद्धा नाही.

अशी माझी समाजशास्त्राच्या एम.ए.ची सुरुवात झाली.

त्याआधीचं थोडं सांगते. लग्नानंतर घरी बसून, बाहेरून परीक्षा देत मी बी.ए. झाले होते. कॉलेजचा वर्ग आतून कधी पाहिला नव्हता. शिकवण्या मात्र जोरात चालायच्या. मग मुलं मोबाइलवर शिकायला लागली, उरलेली नाक्यावरच्या एसी क्लासला गेली आणि माझ्या दुपारी रिकाम्या झाल्या. मी घरातली बरणी न् बरणी धुऊन पुन्हा जागेवर ठेवायला लागले. ते आमच्या मुलीला बघवेना. ती स्वतः बोरिवलीला कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला होती. एका संध्याकाळी तिनं मला समोर बसवून अंधेरीच्या एका कॉलेजचा ऑनलाइन अर्ज भरला. "मम्मी, तू फक्त फोटोला हस," म्हणाली.

घरात दोन विरोधक होते. मिस्टर म्हणाले, "या वयात? लोक काय म्हणतील?" लोक म्हणजे त्यांच्या विमा ऑफिसातले तीन जण. सासूबाईंचा मुद्दा सरळ होता. सासूबाई सिंधुदुर्गातल्या. सासरे गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर हे कुटुंब लालबागहून जोगेश्वरीला आलं. पण सासूबाईंच्या बोलीवर ना लालबागचा परिणाम झाला ना जोगेश्वरीचा. त्या म्हणाल्या, "आणि दुपारचा जेवाण कोण वाढतला?"

मी डबे भरून ठेवले आणि गेले.

पहिले काही दिवस झकास गेले. मुलं मला आधी 'मॅम' म्हणायची, मग 'ताई' झाले आणि आठवड्याभरात 'काकू'वर येऊन थांबले. जाड चष्म्याची मुलगी मुलुंडहून यायची. तिनं मला आपल्या बाकावर घेतलं, मोबाइलवरच्या वर्गाच्या ग्रुपमध्ये घातलं आणि त्यातल्या आद्याक्षरांचे अर्थ सांगितले. घाटकोपरचा एक मुलगा माझ्या डब्यातला भात संपवायचा. त्यानं मला एकदा "अरे यार काकू" असं म्हटलं आणि जीभ चावली. मला मनातून बरं वाटलं होतं.

अडचण शिकण्याची होती. सर इंग्रजीत शिकवायचे. बोलायचे छान, पण एका वाक्यात तीन जर्मन आणि एक फ्रेंच माणूस असायचा. मी शब्द ऐकू येतील तसे देवनागरीत लिहून घ्यायची आणि घरी आल्यावर मलाच ते वाचता यायचे नाहीत. शिवाय वर्गात मी विद्यार्थिनी कमी आणि नमुना जास्त होते. संयुक्त कुटुंबाचा विषय निघाला की सगळ्या माना माझ्याकडे वळायच्या. 'मध्यमवयीन गृहिणीचा दिवस' या विषयावर मुलाखत घेऊन यायला सांगितलं, तर वर्गातल्या निम्म्या मुलांनी माझीच मुलाखत घेतली. एकाच दुपारी ओळीनं बसले होते, दवाखान्यात नंबर लावल्यासारखे. सकाळी किती वाजता उठता, हे मी इतक्यांदा सांगितलं की शेवटच्या मुलीला कंटाळून वेगळीच वेळ सांगितली.

हे सगळं मी हसण्यावारी नेत होते. पण एकदा सरांनी प्रश्न विचारला आणि मला उत्तर येत होतं. मी हात वर केला. इंग्रजीत सुरुवात केली, मध्येच शब्द संपले, मग हिंदी, मग मराठी, मग नुसते हातवारे. कोणीही हसलं नाही. सगळी मुलं इतक्या समजुतीनं माझ्याकडे बघत होती, इतकी मान हलवत होती की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोणी हसलं असतं तर मी त्याला दटावलं तरी असतं. त्या समजुतीचं काय करावं ते कळेना.

मग चाचणी झाली. घटक होता 'कुटुंब'.

मी घरी सांगितलं होतं की हा पेपर सोपा जाईल. उत्तरं मराठीत लिहायची परवानगी होती. कुटुंबाची व्याख्या आणि कार्ये लिहा, असा प्रश्न होता. मी भरभरून लिहिलं. घरात कोण कोण असतं, कोणाचं कोणाशी पटत नाही, कोण कोणाला परस्पर निरोप पाठवतं, आजारपणात रजा कोण घेतं. पुरवणी घेतली. वेळ संपल्यावर सरांनी पेपर अक्षरशः ओढून घेतला.

वीसपैकी चार मिळाले. खाली शेरा होता: 'वाचायला मजा आली. पण सिद्धांत कुठे आहे?'

पेपर घडी करून पर्समध्ये टाकला आणि कोणाला दाखवला नाही. मुलुंडच्या मुलीनं "काकू, किती?" म्हणून विचारलं, तर "ठीक आहेत" म्हणाले. घरी येताना नाक्यावर भाजी घेतली. भाजीवाली रोजच्यासारखी बोलत होती आणि मी मनात म्हणत होते, इतकी वर्षं संसार केला आणि त्याच विषयात नापास. उरलेल्या विषयांत तर माझी वाटच लागेल. हे सगळं कशाला? कोणी सांगितलं होतं? मेथीची जुडी हातात घेतली तेव्हाच ठरलं. सोडायचं. इतकं हलकं वाटलं की मी एक जुडी जास्त घेतली.

जेवताना मी घरात सांगितलं. मला वाटलं होतं, दोघं विरोधक खूश होतील आणि मुलगी थोडी हिरमुसेल.

मिस्टरांचा घास हातातच राहिला. "सोडणार? अगं, मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलंय."

"तुम्हाला तर लोक काय म्हणतील याची भीती होती."

"तेच तर. आता काय म्हणतील?"

ऑफिसातल्या त्या तीन जणांना त्यांनी माझा विषयच नव्हे, लेक्चरच्या वेळासुद्धा सांगितल्या होत्या. साहेबांनी 'तुमच्या मिसेस हुशार दिसतात' असं म्हटल्यापासून हे ऑफिसात जरा ताठ चालत होते, असं नंतर कळलं. वर मी दमून यायची त्या संध्याकाळी ते फोडणीचा भात करायला शिकले होते आणि तो बिल्डिंगमध्ये नावाजला गेला होता. मी दिवसभर घरात असले तर तो भात कोण विचारणार?

मी मुलीकडे पाहिलं. ती म्हणाली, "मम्मी, खरं सांगू? तू कॉलेजला जायला लागल्यापासून मला एकदाही अभ्यासावरून बोलली नाहीस. तू सोडलंस की परत माझ्या मागे लागशील. प्लीज, थोडं ॲडजस्ट कर ना."

राहिल्या सासूबाई. मी त्यांच्याकडे आशेनं पाहिलं. त्या माशाचा काटा काढत होत्या. म्हणाल्या, "माका काय विचारतंस? तुका सोडूचा आसा तर सोड. पण मी भजनी मंडळात सांगान बसलंय."

"काय सांगितलंय?"

"तू प्रोफेसर झालंस म्हणान."

मी ताटं गोळा केली.

दुसऱ्या दिवशी मी हट्टानं कॉलेजच्या ऑफिसात गेले. खिडकीतल्या बाई शांत स्वभावाच्या होत्या. प्रवेश रद्द करायचा कागद त्यांनी लगेच दिला. मी तिथल्या तिथे भरला आणि सही केली. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला आणि परत सरकवला.

"पालकाची सही राहिली."

"मॅडम, माझी मुलगी कॉलेजात आहे. मी पालक कुठून आणू?"

"रकाना आहे ना. रिकामा चालत नाही." त्यांनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. "तुमच्या अर्जात पालकाचं नाव दिलेलंय. त्यांचीच सही लागेल. आणि त्यांना समोर आणा."

"माझे आई-वडील दोघंही नाहीत हो."

"इथे आई लिहिलंय." आणि त्यांनी नाव वाचून दाखवलं. ते माझ्या सासूबाईंचं होतं.

घरी आल्यावर मुलीनं खुलासा केला. पालकाचा रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता. तेव्हा पप्पा रुसले होते, त्यांना विचारायची सोय नव्हती. आजीचं आधारकार्ड टेबलावरच होतं. "आणि नात्याच्या यादीत सासू नव्हतंच, मम्मी. आई, वडील, भाऊ, बहीण आणि इतर. इतर लिहायला कसंतरी वाटलं."

सासूबाईंना हे कळल्यावर त्यांनी कपाटातली ठेवणीतली जांभळी साडी काढली. सोडण्याबद्दल त्यांचं जे काही मत होतं ते बाजूला राहिलं. कॉलेजनं आपल्याला बोलावलंय, एवढंच त्यांनी धरलं. बिल्डिंगखाली वॉचमनला सांगितलं, "कॉलेजात जातंय. माझी सही व्हयी आसा तेंका." रिक्षात बसल्यावर मात्र त्यांनी मला सरळ विचारलं, "कित्याक सोडतंस गो?"

मी म्हणाले, "जमत नाही, आई."

"काय जमणा नाय?"

मी चार मार्कांचं सांगितलं. पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं. त्यांनी विचारलं, "कशात?"

"कुटुंबात."

मेट्रोच्या खांबांखाली रिक्षा अडकली होती. सासूबाई हळूच म्हणाल्या, "चार तरी दिल्यान." त्या थट्टा करत होत्या की माझी समजूत घालत होत्या, ते मला आजही सांगता येणार नाही.

पोचलो तेव्हा ऑफिसची जेवणाची सुट्टी झाली होती. खिडकी बंद. आम्ही दोघी कठड्याला टेकून उभ्या राहिलो आणि जिन्यावरून माझा अख्खा वर्ग उतरला. मुलुंडच्या मुलीनं आजींना वाकून नमस्कार केला आणि कोणाला काही न विचारता त्यांचा हात धरून कँटीनमध्ये नेलं. घाटकोपरच्या मुलानं वडापाव आणले. सासूबाईंनी त्यातला वडा वेगळा काढून खाल्ला. "वडो बरो आसा. चटणीत मीठ कमी," असं त्यांनी कँटीनवाल्याला जाऊन सांगितलं.

"आजी, आज कशा काय आलात?" मुलुंडच्या मुलीनं विचारलं.

मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "ही कॉलेज सोडतासा. मी सही करूक इलंय."

घाटकोपरचा मुलगा म्हणाला, "काकू, असं नका ना करू. ग्रुप प्रोजेक्टचं काय? आपल्यात घर तर फक्त तुमचंच जवळ आहे." त्याच्या या प्रामाणिकपणाचं मला कौतुक वाटलं. मुलुंडची मुलगी मात्र चिडली होती. "पण का? कोणी काही बोललं का तुम्हाला?"

मग मी पर्समधून पेपर काढला आणि तिच्यासमोर ठेवला. आता लपवण्यासारखं काय उरलं होतं?

तिनं चष्मा वर करून पाहिलं. "चार? काकू, मला तीन आहेत."

मला वाटलं, समजूत काढतेय. तिनं तिचा पेपर दाखवला. खरंच तीन होते. घाटकोपरच्या मुलानं त्याला किती मिळाले ते सांगितलं नाही, पण शून्य असं कोणीतरी मागून म्हणालं आणि त्यानं नाकारलं नाही. सगळ्या वर्गाचं दिवाळं निघालं होतं. सिद्धांत कोणालाच लिहिता आला नव्हता. ग्रुपवर दोन दिवस त्यावरच रडारड चालू होती. मी लाजेनं ग्रुप उघडलाच नव्हता.

"मग तुम्ही सगळे वर्गात माना का हलवता?" मी विचारलं. "कळल्यासारख्या?"

"मान हलवली की सर प्रश्न विचारत नाहीत," मुलुंडची मुलगी म्हणाली. तिला हे मला माहीत नाही याचंच नवल वाटलं.

ऑफिस उघडायला वेळ होता आणि लेक्चरची घंटा झाली. सासूबाई म्हणाल्या, "तुझो वर्ग बघूया." मी नको नको म्हणत होते, पण मुलांनी त्यांना मागच्या बाकावर, पंख्याखाली नेऊन बसवलं. सर आले. जांभळ्या साडीतल्या सासूबाईंना पाहून ते दारातच थांबले. वर्गात वयाची आणखी कोणती पायरी येणार, असा विचार त्यांच्या मनात आला असावा. मी उठून सांगितलं, "सर, ह्या माझ्या पालक." सरांनी मोठ्या गांभीर्यानं मान डोलावली आणि शिकवायला सुरुवात केली.

त्या दिवशी ते चाचणीबद्दलच बोलले. पहिलीच चाचणी होती, आपणही शिकवण्यात घाई केली, असं म्हणाले. पेपर पुन्हा घेऊ. मग त्यांनी फळ्यावर रेघ मारून एका बाजूला आम्ही लिहिलेलं आणि दुसऱ्या बाजूला पुस्तकातलं मांडलं. माझ्या पेपरातलं 'परस्पर निरोप पाठवणे' त्यांनी नाव न घेता फळ्यावर लिहिलं आणि त्यासमोर एक लांबलचक इंग्रजी शब्द लिहिला. म्हणजे मी लिहिलं होतं त्याला नाव होतं. मला तेवढंच माहीत नव्हतं. वहीत तो शब्द मी दोनदा लिहून ठेवला, एकदा इंग्रजीत आणि एकदा मराठीत. तेवढ्यात मागून घोरण्याचा आवाज आला. सासूबाई भिंतीला डोकं टेकून गाढ झोपल्या होत्या. सर आवाज थोडा खाली आणून शिकवत राहिले. मुलं तोंडावर हात धरून हसत होती. मीही हसत होते. त्या वर्गात मी पहिल्यांदाच बाकीच्यांच्या बरोबर हसत होते.

तास संपल्यावर सासूबाई ताज्यातवान्या उठल्या. "पंखो बरो आसा हयसर," म्हणाल्या. "पण ह्यो पोरगो इतको वेळ काय सांगी होतो?"

"तुमच्याआमच्याबद्दलच बोलत होते."

"मग ता माका म्हायत आसा," म्हणून त्या ऑफिसकडे चालू लागल्या.

मी पर्समधून तोच कागद काढला, खिडकीतल्या बाईंनी पेन दिलं. सासूबाईंनी चष्मा लावला. त्यांची सही म्हणजे घाईचं काम नसतं. पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळ्यावर नीट रेघ. त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. मी बघत होते. त्या सासऱ्यांच्या नावाच्या काना-मात्रांवर आल्या. चाचणी पुन्हा होणार होती. तो लांबलचक शब्द आत्ता कुठे कळला होता. आणि उद्या दुपारी मी घरी काय करणार होते? बरण्या?

"आई, थांबा," मी म्हणाले. "राहू दे. मी नाही सोडत."

सासूबाईंनी वर पाहिलंसुद्धा नाही. "थांबतंय कित्याक? अर्धी सही ठेवूची नसता गो." आणि त्यांनी आडनावापर्यंत सगळं लिहून, रेघ मारून, कागद खिडकीतून आत सरकवला.

तो परत मिळवायला मला खिडकीतल्या बाईंना बरीच विनवणी करावी लागली. "पालकांची संमती आहे ना मग?" त्या पुन्हापुन्हा विचारत होत्या.

"त्यांची आहे," मी म्हणाले. "माझी नाही."

बाईंनी आम्हा दोघींकडे बघून सुस्कारा सोडला आणि कागद परत दिला. सासूबाई रिक्षात नाराज होत्या. इतकी चांगली सही वाया गेली, असं त्यांचं म्हणणं होतं. नंतर महिनाभर त्या अधूनमधून विचारायच्या, "ता सोडूचा काय झाला?" मी म्हणायची, "अजून विचार करतेय." आणि खोटं नव्हतं ते. आम्हाला संख्याशास्त्रही होतं, त्याच्या प्रत्येक तासाला मी विचार करायची. मानही हलवायला शिकले होते, पण संख्याशास्त्राच्या बाईंना ती युक्ती माहीत होती.

सत्राचा निकाल लागला तेव्हा सगळे विषय सुटले, संख्याशास्त्र राहिलं. मी रडवेली झाले, तर मुलगी अनुभवी माणसासारखी म्हणाली, "मम्मी, चिल. एटीकेटी लागल्याशिवाय कॉलेजला गेल्यासारखं वाटत नाही." तिला स्वतःला दोन आहेत, हे तिनं त्याच दमात सांगून टाकलं. ती माझ्या कोसळण्याच्या संधीची वाटच बघत असावी. मिस्टरांनी ऑफिसात फक्त 'पास' एवढंच सांगितलं आणि पेढे वाटले. त्यात खोटं काही नाही, असं त्यांचं मत.

उन्हाळ्यात मायलेकींच्या राहिलेल्या पेपरांच्या तारखा जवळजवळ आल्या. घरात अभ्यासाला टेबल एकच. सकाळी तिला, दुपारी मला, असं आम्ही ठरवलं, मग त्यावरून भांडलो, मग पुन्हा ठरवलं. तोवर सासूबाईंनी गावाहून आलेल्या फणसाचे पापड लाटून त्याच टेबलावर पंख्याखाली वाळत घातले होते. आम्ही दोघी जमिनीवर बसून अभ्यास करत होतो आणि मध्येच उठून पापड उलटत होतो.